टोल कोणाचा, खड्डा कोणाचा, बस कोणाची

दिवाळीत पुण्याहून इंदूरला आमच्याकडे भाचा आला होता. नवी गाडी, काचेवर फास्टॅग आणि त्यावर टोलचा वार्षिक पास. भाऊबीज आटोपून भोपाळला मावशीकडे गेला आणि तणतणतच परतला. "मामा, पास असून देवासच्या पुढे पैसे कापले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तक्रार कुठे करायची ते सांगा." मी म्हटलं, आधी हातपाय धू, शेव खा, मग बोलू. कारण तक्रार करण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं.

माझी सगळी नोकरी लोहामंडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या पेढीवर गेली. काम मुनीमकीचं. ट्रकचं स्टिअरिंग कधी हातात धरलं नाही, पण परवाने, टॅक्स, टोलच्या पावत्या आणि नाक्यावरच्या चिठ्ठ्या यांच्या ढिगात तीसेक वर्षं काढली. त्यामुळे सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या गाडीचं काही अडलं की लोक माझ्या ओट्यावर येतात. प्रश्न दर वेळी नवा वाटतो. खोदत गेलं की मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: समोरचा रस्ता, समोरची बस, दारातली गाडी कागदावर कोणाची आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

भाच्याचंच घ्या. इंदूरहून देवासपर्यंत तो राष्ट्रीय महामार्गावर होता. देवासहून भोपाळकडे वळलं की लागतो राज्य महामार्ग, क्रमांक १८. रस्ता तसाच चार पदरी, पाट्याही तशाच, पण मालक बदलला. हा रस्ता मध्य प्रदेश रस्ते विकास महामंडळाच्या ताब्यातला. ज्या कंपनीने स्वतःचे पैसे घालून तो चौपदरी केला, तिने ठरावीक वर्षं टोल घ्यायचा आणि मुदत संपली की रस्ता सरकारला परत द्यायचा, असा करार. वार्षिक पास मात्र केंद्राचा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा किंमत ३,००० रुपये होती; मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते; आणि फक्त खासगी कार, जीप, व्हॅनसाठी. तो चालतो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर. एका फास्टॅगला दोन खिसे आहेत असं समजा. केंद्राच्या नाक्यावर पासाच्या खिशातून एक फेरी वजा होते, राज्याच्या नाक्यावर दुसऱ्या खिशातून रोख शिल्लक. "तुझ्या पुण्यातही तेच," मी त्याला म्हटलं. "मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर हा पास चालतो का? समृद्धीवर?" नाही चालत, कारण तेही महाराष्ट्राचे स्वतःचे रस्ते. तेव्हा कुठे तो थंडावला.

एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, बऱ्याच जणांना नसते. फेरी म्हणजे घर ते घर नव्हे. एक नाका ओलांडला की एक फेरी. वाटेत चार नाके असतील तर जाऊन-येऊन आठ फेऱ्या. २०० हा आकडा वाटतो तेवढा मोठा नाही.

रस्त्यांची ही वर्णव्यवस्था जुनी आहे. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा आणि गावचे असे वर्ग पाडले. पुढे प्रांतीयचं राज्य महामार्ग झालं, जिल्हा रस्त्यांचे प्रमुख आणि इतर असे दोन भाग पडले, पण सांगाडा तोच राहिला. १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांचा कायदा आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा.

उभ्या रस्त्यावर मालक ओळखायची सोपी खूण म्हणजे मैलाचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्याचा, काळं किंवा निळं असेल तर जिल्ह्याचा वा शहराचा, आणि केशरी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला गावाकडचा रस्ता. लहान मुलांना लांबच्या प्रवासात हा खेळ लावून द्या, दोन तास शांतता मिळते.

दगड मात्र रस्त्याइतक्या लवकर बदलत नाहीत आणि माणसांच्या तोंडातली नावं तर मुळीच नाही. आपला आग्रा–मुंबई रस्ता घ्या. जुन्या लोकांसाठी तो नॅशनल हायवे तीन. २०१० मध्ये देशभर नवे क्रमांक आले आणि त्याचे तुकडे झाले. आग्रा ते ग्वाल्हेर आता ४४ मध्ये, ग्वाल्हेरहून पुढे ४६, आणि ब्यावरा, देवास, इंदूर, सेंधवा, धुळे हा आपला पट्टा ५२ मध्ये. हा ५२ पंजाबातल्या संगरूरला सुरू होऊन कर्नाटकातल्या अंकोल्याला समुद्राशी संपतो. सम आकडा म्हणजे साधारण उत्तर–दक्षिण रस्ता, विषम म्हणजे पूर्व–पश्चिम, एवढं लक्षात ठेवलं तरी नकाशा वाचायला सोपा जातो. आपण मात्र एबी रोडच म्हणणार, आणि काही बिघडत नाही.

खंडव्याकडचा रस्ता दुसऱ्या तऱ्हेचा. सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल असा जाणारा. कित्येक वर्षं तो राज्य महामार्ग होता, लोक त्याला इच्छापूर रोड म्हणतात. आता तो राष्ट्रीय महामार्ग आहे, ३४७ बीजी, आणि प्राधिकरण त्याला चौपदरी करतंय, घाटात बोगदे पाडून. त्यांच्या कागदावर प्रकल्पाचं नाव इंदूर–एदलाबाद. एदलाबाद म्हणजे आपलं मुक्ताईनगर. सिंहस्थ २०२८ च्या आधी सहापदरी होत असलेला उज्जैनचा रस्ता मात्र राज्याच्याच हातातला. इंदूरहून निघालेले तीन रस्ते, आणि मालक दोन.

आता खड्डे. बायपासच्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर एक खड्डा होता, पावसाळ्यात त्यात आमच्या शेजारच्या काकूंची स्कूटी अडकली. मी उत्साहाने तक्रार लिहिली. दीड महिना वाट पाहिली. मग उत्तर आलं की सदर मार्ग आमच्या अखत्यारीत नाही. चूक माझीच होती, पत्ता चुकला होता. तेव्हापासून आधी मालक शोधतो. राष्ट्रीय महामार्ग आणि त्याचा सर्व्हिस रोड असेल तर १०३३ हा चोवीस तासांचा फोन, किंवा राजमार्गयात्रा हे ॲप, ज्यात फोटो टाकता येतो. सार्वजनिक बांधकाम खात्याचा रस्ता असेल तर राज्याने जुलै २०२४ मध्ये काढलेलं लोकपथ ॲप. त्यावर टाकलेला खड्डा सात दिवसांत बुजवायचा असं सरकारनेच स्वतःवर घालून घेतलं आहे. शहरातला गल्लीबोळ, चौक, नाली असेल तर महापालिकेचं इंदूर ३११. आणि काहीच कळत नसेल तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १८१. तिथे निदान तक्रारीला क्रमांक मिळतो आणि कागद फिरू लागतो. फोटो काढताना मैलाचा दगड किंवा जवळची पाटी फ्रेममध्ये घ्या. "बायपासवर खड्डा आहे" या वाक्यावरून कुठल्याही अभियंत्याला खड्डा सापडत नाही.

बायपासवरून आठवलं. शहरातून जाणारा एबी रोड, देवास नाका, विजय नगर, पलासिया, भंवरकुआं असा, तो नावाने महामार्ग असला तरी लांबची रहदारी केव्हाच मांगलिया ते राऊ या बायपासवर गेली. आतल्या रस्त्याचं सुखदुःख शहराचं. म्हणूनच २०१३ मध्ये तिथे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, करता आला आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर तो काढायलाही सुरुवात करता आली. त्यावरच्या आयबसने रोज ऑफिसला जाणाऱ्या माझ्या सुनेला ते काढणं अजिबात पटलेलं नाही, आणि कार चालवणाऱ्या मुलाला पटलंय. घरात या विषयावर बोलणं बंद आहे.

टोलबद्दल लोकांच्या डोक्यात जेवढ्या गोष्टी आहेत तेवढ्या कशाबद्दलच नाहीत. सगळ्यात लाडकी गोष्ट शंभर मीटरच्या पिवळ्या पट्टीची. रांग त्या पट्टीच्या मागे गेली की टोल माफ, असा मेसेज दर सुट्टीत फिरतो. तो निखालस खोटा नव्हता. मे २०२१ मध्ये प्राधिकरणाने तशी सूचना खरंच काढली होती. पण २०२४ मध्ये ती मागे घेतली. मेसेज मागे घेणारं कुणी नसतं, म्हणून तो अजून फिरतोय. नाक्यावर भांडून मागच्या लोकांना अर्धा तास उभं करू नका.

याउलट जो नियम खरा आहे तो कुणी सांगत नाही. तुमचा फास्टॅग चालू आहे, पैसे आहेत, आणि नाक्याचंच यंत्र तो वाचू शकत नाही, तर पैसे न घेता गाडी सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची, असं केंद्राचं राजपत्र २०१८ पासून सांगतं. चूक टॅगची असेल तर गोष्ट वेगळी. १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गावर वैध टॅग नसलेल्याने रोख दिले तर दुप्पट आणि यूपीआयने दिले तर सव्वापट असा हिशेब सुरू झाला. म्हणजे शंभराचा नाका असेल तर दोनशे किंवा सव्वाशे.

"दर साठ किलोमीटरला एकच नाका हवा ना?" हाही नेहमीचा सवाल. २००८ च्या टोल नियमांत साठ किलोमीटर आहे खरं, आणि शहराच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत नाका नको असंही आहे. पण दोन्हींना अपवाद आहेत. कारण लिहून ठेवून प्राधिकरण त्याहून जवळ नाका करू शकतं, शिवाय मोठा पूल, बोगदा, बायपास यांना वेगळी मुभा. त्यामुळे दोन नाके चाळीस किलोमीटरवर दिसले म्हणून एक बेकायदा ठरत नाही. माझ्या मते नियमात अपवादाची खिडकी जरा जास्तच मोठी ठेवली आहे.

दर कसा ठरतो? २००७-०८ हे पायाभूत वर्ष. चार किंवा जास्त पदरी रस्त्याला कारसाठी किलोमीटरमागे ६५ पैसे, दोन पदरीला त्याच्या ६० टक्के. त्यावर दर वर्षी ३ टक्के ठरलेली वाढ आणि घाऊक महागाई जेवढी वाढली तिच्या ४० टक्के. नवा दर १ एप्रिलला लागतो आणि शेवटचा आकडा पाचाच्या पटीत बसवतात, म्हणून टोल कधी ७३ रुपये नसतो, ७५ असतो. रस्त्याचा खर्च निघाला की टोल बंद झालाच पाहिजे, ही समजूतही सोडून द्या. खासगी कंपनीचा करार संपतो, कंपनी जाते, आणि राष्ट्रीय महामार्गावर सरकार स्वतः वसुली चालू ठेवू शकतं. लोकांचा राग मी समजू शकतो. पण राग नियमावर असायला हवा, खिडकीत बसलेल्या पोरावर नाही.

चोवीस तासांत परत आलात तर जाण्या-येण्याचे मिळून दीडपटच लागतात. फास्टॅगवर हे आपोआप होतं, परतीला निम्मेच कापले जातात. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला स्वस्त मासिक पास मिळतो, २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांचा होता. मात्र बाजूने जायला सर्व्हिस रोड किंवा दुसरा रस्ता असेल तर मिळत नाही. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. आणि गाडी दारात उभी असताना टोल कापल्याचा मेसेज आला, तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका: १०३३ वर किंवा टॅग देणाऱ्या बँकेकडे लगेच तक्रार करा. नाक्यावर कुणीतरी हाताने नंबर टाकताना एक आकडा चुकवलेला असतो, पैसे परत मिळतात. राज्याच्या रस्त्यांचे हिशेब मात्र त्यांच्या त्यांच्या करारावर. मध्य प्रदेशात काही राज्यमार्गांवर फक्त व्यावसायिक वाहनांकडूनच टोल घेतात, कारवाले फुकट जातात आणि त्यांना ते कळतही नाही. न कापलेल्या पैशांची तक्रार घेऊन माझ्या ओट्यावर अजून कुणी आलेलं नाही.

महाराष्ट्राकडे गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन ठिकाणं सांगतो. पहिलं, राऊ–खलघाट पट्ट्यातला गणपती घाट. उतार असा सरळ आणि तीव्र होता की भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी व्हायचे. पेढीवर आलेल्या वाईट फोनांपैकी बरेच तिथले. २०२४ च्या शेवटी तिथे जवळपास नऊ किलोमीटरचा नवा, कमी उताराचा रस्ता सुरू झाला, खलघाटकडे उतरणाऱ्यांसाठी. दुसरं, सेंधव्याच्या पुढचा बीजासन घाट. तिथल्या आरटीओ चौकीवर ट्रकांच्या रांगा हे आमच्या धंद्याचं कायमचं दुखणं होतं. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने सीमेवरच्या परिवहन चौक्या बंद केल्या. घाट तेवढा तसाच आहे. उतरताना गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर भेटला तर पुढच्या ढाब्यावर उतरून घ्या.

अपघात झाला किंवा दिसला, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, एरवी ११२ किंवा १०८. २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीवर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, आगाऊ पैसे न भरता. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती आता बाळगू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ त्याला संरक्षण देतं. नाव सांगायचीही सक्ती नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोचवणाऱ्याला 'राहवीर' योजनेत २५,००० रुपयांचं बक्षीसही आहे.

बसचा विषय निघाला की महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "तुमची एसटी कुठे उभी राहते?" आमची एसटी नाही. मध्य प्रदेश राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळलं गेलं. सरवटे बसस्थानक आहे, तेही एका मराठी माणसाच्या नावाचं: विनायक सीताराम सरवटे, म्हणजे इंदूरकरांचे तात्या सरवटे, संविधान सभेचे सदस्य. पण स्थानकावर लागणाऱ्या बहुतेक बसगाड्या खासगी मालकांच्या. धारकडे जायला गंगवाल स्थानक, खंडव्याकडे तीन इमली. शहरात आणि काही लांबच्या मार्गांवर बस चालवणारी कंपनी म्हणजे अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट, तीही २००५ चीच. म्हणजे ज्या वर्षी राज्याने हात काढून घेतला त्याच वर्षी शहराने घातला. आता २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली. त्यातही बस खासगी मालकाचीच राहणार. मार्ग, वेळापत्रक आणि देखरेख सरकारी कंपनीकडे. जुनी लाल डबा बस परत येईल असं समजणाऱ्या आमच्या आजोबामंडळींना हे समजावणं अवघड जातं.

इंदूरला येणारी लालपरी ही महाराष्ट्राची. दोन राज्यांमध्ये करार असतो, त्यात कुणाच्या किती बसगाड्या कुठल्या मार्गावर किती किलोमीटर धावतील ते ठरतं. आणि इथेच आमच्या वहिनींचं वाहकाशी वाजलं होतं. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. वहिनी धुळ्याला माहेरी निघाल्या, अर्धं तिकीट मागितलं, वाहकाने दिलं नाही. बरोबर वाहकाचंच होतं, सगळं नाही तरी बरंचसं: सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतच. पळासनेरला सीमा ओलांडेपर्यंत पूर्ण भाडं, पुढच्या तुकड्याला अर्धं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांचा मोफत प्रवासही महाराष्ट्राच्या हद्दीपुरताच. मध्य प्रदेशातल्या किलोमीटरचे पैसे महाराष्ट्र सरकार महामंडळाला का भरेल, एवढाच त्यातला विचार.

मग रात्रीच्या स्लीपर बसगाड्या. पुण्या-मुंबईच्या या गाड्या सरवटेवरून का सुटत नाहीत? ट्रॅव्हल्सच्या ऑफिसासमोरून, कुठल्यातरी पुलाखालून का? कारण परवान्याची जात. मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन प्रकार आहेत. टप्पा परवान्याच्या बसला ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे, सरकारने किलोमीटरवर ठरवून दिलेलं भाडं; हात दाखवा, बसा, हवं तिथे उतरा. कंत्राटी परवाना म्हणजे कागदोपत्री अख्खी गाडी भाड्याने घेतलेली. लग्नाच्या वऱ्हाडासारखी. प्रवाशांची यादी आधी तयार, इथून तिथे न्यायचं, वाटेत माणसं चढवायची-उतरवायची नाहीत. दूरच्या बहुतेक स्लीपर गाड्या अखिल भारतीय पर्यटक परवान्यावर धावतात, २०२३ च्या नियमांनी. त्या कागदावर तुम्ही पर्यटक असता, मग तुम्ही मयताला निघालेले असा की मुलाखतीला. त्यांच्या भाड्यावर टप्पा बससारखी सरकारी किलोमीटरची पट्टी नसते. म्हणून दिवाळीच्या आदल्या रात्री तेच तिकीट तिप्पट होतं, आणि 'भाडं जास्त घेतलं' या तक्रारीला हवा तसा दात नसतो. सेंधव्याला कुणाला वाटेत चढवणारी बस कधी आरटीओने अडवून ठेवली, तर आत झोपलेल्या तीस माणसांची सकाळ जाते. तेव्हा यादीत आपलं नाव नीट आहे का, हे बसण्याआधी पाहा. मी आणखी एक पाहतो, आपत्कालीन दार कुठे आहे आणि त्याच्यासमोर पार्सलांचे खोके रचलेले नाहीत ना. असतील तर हलवायला लावतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

लायसनबद्दल थोडक्यात. इंदूरचं लायसन देशभर चालतं, पुण्यात नवं काढावं लागत नाही. तिशीच्या आत काढलेलं चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये काढलेलं दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये काढलेलं साठीपर्यंत, आणि त्यापुढे दर पाच वर्षांनी. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा ट्रॅकवर परीक्षा. आमच्या गल्लीतले निवृत्त प्राचार्य अशा परीक्षेला बसले होते. त्यांनी आठचा आकडा काढताना पाय टेकला तेव्हा रांगेतल्या त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने डोळे मिटून घेतले.

कागद डिजिलॉकरमध्ये किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी मूळ कागदांइतकेच ग्राह्य, डिसेंबर २०१८ पासून. गॅलरीतला फोटो नव्हे.

आणि आता भाच्याचा खरा प्रश्न. शेव खाऊन झाल्यावर त्याने हळूच सांगितलं की इथल्या, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या ऑफिसात त्याची बदली झाली आहे, निदान तीन वर्षांसाठी. गाडी एमएच १२. "इथे चालवली तर पकडतात का, मामा?"

पकडत नाहीत, लगेच नाही. कलम ४७ म्हणतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायचा. बारा महिन्यांच्या आत एमएचच्या पाटीवर कुणी टॅक्स मागितला, तर गाडी कधी आली ते दाखवायला हवं, आणि त्याला फास्टॅगचा हिशेब उत्तम पुरावा. पळासनेर ओलांडल्याची तारीख त्यात आपोआप नोंदलेली असते.

वर्षाच्या पुढे राहणार असाल तर पहिली पायरी जुन्या आरटीओची ना हरकत, नमुना २८. ऑनलाइन परिवहन पोर्टलवर अर्ज होतो. पण त्याआधी तीन गोष्टी मोकळ्या हव्यात: थकलेली चलनं, विमा-पीयूसी, आणि कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र. निम्मे लोक या तिसऱ्याशी अडतात. आधी सगळं जमवतात आणि शेवटी बँकेत जातात, तिथे पंधरा दिवस मोडतात. ना हरकत आली की इथल्या नायता मुंडल्याच्या आरटीओत नमुना २७ देऊन एमपी ०९, म्हणजे इंदूरचा नंबर, मागायचा, गाडीच्या वयानुसार इथला टॅक्स भरायचा. मग नव्या आरसीची प्रत जोडून महाराष्ट्राकडे उरलेल्या वर्षांच्या टॅक्सचा परतावा मागायचा. तो मागावा लागतो, आपोआप येत नाही, आणि दोनदा टॅक्स भरून गप्प बसलेली माणसं मी गल्लीत मोजून दाखवेन.

दर काही वर्षांनी राज्य बदलणाऱ्यांसाठी बीएच, म्हणजे 'भारत', मालिकेचा नंबर आहे, सप्टेंबर २०२१ पासून. सरकारी नोकर, लष्कर, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत ऑफिसं असलेल्या खासगी कंपनीची माणसं यांनाच मिळते. पंधरा वर्षांचा टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरत जायचा, आणि राज्य बदललं तरी पाटी तीच. जुन्या पाटीवरून बीएचवर जाण्याचीही सोय आता आहे.

जुनी गाडी विकणाऱ्यांना एकच सांगणं: नाव बदललं का ते स्वतः पोर्टलवर पाहा. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या दारात येऊ शकते, गाडी कुणी का चालवेना. नमुने २९ आणि ३० सही करून "बाकीचं आम्ही पाहून घेऊ" म्हणणाऱ्या दलालाच्या हातात देऊन टाकणं, ही आमच्या पेढीवर सगळ्यात महाग पडलेली चूक.

भाच्याने फोन काढला, फास्टॅगची यादी खालपर्यंत सरकवली आणि मध्य प्रदेशातला पहिला नाका शोधला. "म्हणजे पुढच्या दिवाळीपर्यंत वेळ आहे."

"आहे. कर्ज कुठल्या बँकेचं?"

तो विचारात पडला. हप्ता आईच्या खात्यातून जातो, म्हणाला, तिलाच विचारायला हवं.